चारचौघांत नको!

"आमचा विरोध नाही हो, फक्त चारचौघांत नको." समलिंगी जोडप्यांचा विषय निघाला की हे वाक्य कुणीतरी बोलतंच, आणि बोलणाऱ्याला वाटतं आपण मोठं मन दाखवलं. या मोठ्या मनाची किंमत कोण मोजतं, हे बघायचं असेल तर 'कोंत्राकोर्रिएन्ते' हा पेरूमधला स्पॅनिश भाषेतला चित्रपट बघा. साल 2009, दिग्दर्शक हाविएर फुएन्तेस-लेओन.

कथा घडते काबो ब्लांको या पेरूच्या उत्तर किनाऱ्यावरच्या मच्छीमारांच्या गावात. मिगेल हा तिथला मानाचा गडी. बायको मारिएला गरोदर आहे. आणि गावाला पत्ता लागू न देता त्याचं सांतियागोवर प्रेम आहे. सांतियागो चित्रकार, बाहेरून आलेला. गाव त्याला चार हात लांबच ठेवतं. दोघं भेटतात ते निर्जन किनाऱ्यावर, कुणी नाही ना हे बघून.

मग सांतियागो समुद्रात बुडतो. देह सापडत नाही. गावाची रीत अशी, की मेलेल्या माणसाला प्रार्थना करून सगळ्यांसमक्ष समुद्राच्या स्वाधीन करायचं. ते झालं नाही तर जीवाला शांती नाही. म्हणून सांतियागो परत येतो आणि फक्त मिगेललाच दिसतो.

इथून चित्रपट असा काही टोचू लागतो की बस! जिवंतपणी ज्याच्याकडे गावात मान वर करून बघायची छाती झाली नाही, त्याचा हात धरून मिगेल आता भर रस्त्यातून चालतो. आजूबाजूला शेजारीपाजारी आहेत, कुणाला काही दिसत नाही. मिगेल खुलतो, हसतो. त्याला बायको आहे, मूल होणार आहे, गावात अब्रू आहे आणि प्रियकरही आहे. पुढे पाण्यात बुडी मारून शोधताना त्याला सांतियागोचा देह सापडतो. तो वर आणत नाही. तळाशीच बांधून ठेवतो, कारण देह वर आला की विधी होणार आणि सांतियागो जाणार. प्रेम करणाऱ्याच्या हातून घडलेली इतकी क्रूर गोष्ट मी पडद्यावर क्वचित पाहिली आहे. गावाने जन्मभर शिकवलं तेच हा करतो. माणूस दिसता कामा नये.

मारिएलाबद्दल एवढंच सांगते, की अशा कथांत बायकोला खलनायिका करणं सोपं असतं. इथे ते केलेलं नाही. सगळ्यात जास्त फसवणूक तिचीच झाली आहे, आणि मारिएला साकारणाऱ्या तात्याना आस्तेंगोच्या चेहऱ्यावर ती दिसते.

सांतियागोने काढलेली मिगेलची चित्रं उघडकीला येतात, कुजबुज सुरू होते, मिगेल आधी सपशेल नाकारतो. शेवटी देह पाण्यातून वर आल्यावर मात्र तो सांतियागोच्या आईसमोर उभा राहतो आणि अंत्यविधीचा हक्क मागतो. कापडात गुंडाळलेला देह गावातून नेताना काहीजण पाठ फिरवतात, काहीजण सोबत चालू लागतात. चित्रपटात पहिल्यांदाच मिगेल सांतियागोबरोबर सगळ्या गावाला दिसतो, तोही सांतियागो मेल्यावर.

2010 मध्ये सनडान्स महोत्सवात या चित्रपटाला जागतिक कथापटांसाठीचं प्रेक्षक पारितोषिक मिळालं. ऑस्करसाठी पेरूने अधिकृतपणे हाच चित्रपट पाठवला. त्याच पेरूच्या संसदेत 2015 साली समलिंगी जोडप्यांच्या नागरी भागीदारीचं विधेयक समितीतच गुंडाळलं गेलं. आपल्याकडे 2018 मध्ये समलिंगी संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला गेला, पण 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लग्नाचा हक्क द्यायला नकार दिला. म्हणजे अशा जोडीदाराच्या अंत्यविधीचा हक्क आजही बहुतांशी नातेवाइकांच्या मर्जीवर आहे.

चित्रपट मिळाला तर जरूर बघा. पण रात्री दार लावून, हेडफोन घालून एकट्याने नको. घरातल्या मोठ्या टीव्हीवर लावा आणि सगळ्यांना बसवून बघा.