एक माणूस कमी पडतोय

शुक्रवारी रात्री साडेनऊला फोन वाजला की ओहायोतल्या आमच्या डेटन-सिनसिनाटी पट्ट्यातला मराठी नवरा आधी बायकोकडे बघतो. बायको जोरजोरात नकारार्थी मान हलवते. तरी तो फोन उचलतो, आणि पलीकडून ठरलेलं वाक्य येतं, "काही विशेष नाही हो, उद्या सकाळी एक माणूस कमी पडतोय."

असा इसम तुमच्याही ओळखीत आहेच. तुमचा कदाचित सहलीची बस भरत असेल, नाहीतर मंडळाच्या नाटकात हवालदार शोधत असेल. आमचा विमानांच्या मारामाऱ्या लावतो.

मंडळात त्यांना विंग कमांडर म्हणतात. पुण्यात शाळेत असताना ते एनसीसीच्या एअर विंगमध्ये होते आणि तिथे कॉर्पोरलच्या वर गेले नाहीत. पुढची सगळी बढती मंडळाने दिली, बहुतेक त्यांना टोचावं म्हणून. त्यांनी ती गंभीरपणे स्वीकारली. एनसीसीत दोन तारांना बांधलेलं मॉडेल विमान स्वतःभोवती गोल फिरवताना जी घेरी आली, ती अजून उतरलेली नाही, असं वहिनी म्हणतात.

खेळ तसा सोपा आहे. रेडिओ कंट्रोलवर उडणारी छोटी विमानं, प्रत्येकाच्या शेपटीला वाढदिवसाला लावतात तसल्या क्रेप कागदाची ३० फूट लांब पट्टी. भोंगा वाजला की सगळी एकदम हवेत, आणि पाच मिनिटांत आपल्या प्रोपेलरने दुसऱ्याची पट्टी कापायची. कापली की गुण, हवेत टिकून राहिलात तर गुण, सुरक्षारेषा ओलांडून माणसांच्या बाजूला आलात तर उणे गुण. संक्रांतीला गच्चीवर पेच लढवलेल्या माणसाला यात काही समजावून सांगावं लागत नाही, फक्त इथे कटलेला पतंग डोक्यावर पडला तर टाके पडतात. म्हणून मैदानात उभ्या असणाऱ्या प्रत्येकाला हेल्मेट.

अडचण अशी की प्रत्येक पायलटमागे एक जज लागतो. आकाशात आठ विमानं, तर जमिनीवर सोळा माणसं. जजने आपल्या पायलटच्या मागे उभं राहायचं, त्याच्या विमानावरून नजर हलवायची नाही आणि त्याने कुणाची पट्टी कापली की कागदावर काडी मारायची. यासाठी विमानातलं काही कळावं लागत नाही, असं विंग कमांडर प्रत्येकाला सांगतात. ते खरं आहे. फक्त मान लागते. सोमवारी ऑफिसात जो मराठी माणूस वर बघतच वावरतो, तो शनिवारी कुठे होता हे विचारावं लागत नाही.

आणि माणसं पंधराच असतात. नेहमी. वीस जणांनी "नक्की येतो" म्हटलं तरी पंधरा, बाराच जणांना बोलावलं तरी कुठून तरी तीन येऊन पंधरा. मग त्या सोळाव्यासाठी काहीही होतं. एकदा देवळातले गुरुजी सत्यनारायण आटोपून पार्किंगमध्ये गाडी शोधत होते, त्यांना उचलून आणलं. पितांबर, उपरणं आणि वर पिवळं हेल्मेट असे गुरुजी तीन फेऱ्या उभे राहिले. त्यांनी मारलेल्या काड्यांबद्दल एकाही पायलटने तक्रार केली नाही. लेकीचा होणारा नवरा पहिल्यांदा घरी आला तेव्हा विंग कमांडरांनी त्याची नोकरी विचारली नाही, शिक्षण विचारलं नाही. "लांबचं नीट दिसतं का?" एवढंच विचारलं. मुलगा बिचारा आयुष्याबद्दल विचारताहेत असं समजून भविष्याच्या योजना सांगू लागला.

माणसांइतकाच मोठा ताप जागेचा. सपाट जमीन दिसली की विंग कमांडरांचं बोलणं अर्ध्यात तुटतं. गाडी चालवताना ते रस्त्याकडे कमी आणि सोयाबीनकडे जास्त बघतात. मंडळातले एक आजोबा गेले, त्यांच्या दफनभूमीतल्या कार्यक्रमात सगळे डोळे पुसत असताना मागून पुटपुटणं ऐकू आलं, "काय मोकळी जागा आहे हो, एक तार नाही." पुढच्या रांगेतल्या बाईंना तो अध्यात्मातला काहीतरी विचार वाटला. त्यांनी मान डोलावली.

शेतकऱ्यांना पटवायचं त्यांचं भाषण ठरलेलं आहे. राईट बंधू आमच्या डेटनचे. १९०३ मध्ये किटी हॉकला उडाले खरे, पण वळायला आणि नीट उतरायला शिकले ते १९०४ आणि १९०५ मध्ये, इथल्या हफमन कुरणात. कुरण होतं टॉरेन्स हफमन नावाच्या बँकवाल्याचं. त्याने एक पैसाही भाडं घेतलं नाही. अट एकच, उडण्याआधी गाई-घोडी बाहेर काढायची. "बघा," विंग कमांडर शेतकऱ्याला सांगतात, "५ ऑक्टोबर १९०५ ला विल्बर राईट त्या कुरणावर ३९ मिनिटं गोल गोल फिरला, २४ मैल. त्या शेतकऱ्याचं काय गेलं?" हफमन शेतकरी नव्हता, बँकवाला होता, हे त्यांना चांगलं माहीत आहे. पण ऐकणारा शेतकरी असला की हफमनही शेतकरी होतो. हे भाषण मंडळात केलं की कुणीतरी हमखास उठून म्हणतो, "राईटच्या आधी आपल्या तळपद्यांनी १८९५ मध्येच चौपाटीवर विमान उडवलं होतं." एरवी शांत असलेले विंग कमांडर तेव्हा तडकतात. "पुरावा आणा, आणि येताना एक जज आणा."

शेतकरी तयार झाला तरी कागद तयार नसतात. अमेरिकेत १९३६ पासून मॉडेल विमानवाल्यांची एक अकॅडमी आहे, तिचं मुख्यालय इथून जवळच, इंडियानातल्या मन्सी गावात. स्पर्धेला तिची मंजुरी घ्यायची, कॉन्टेस्ट डायरेक्टर नेमायचा (तेच), जागामालकाला विम्याचं पत्र द्यायचं. सभासदत्वाबरोबर २५ लाख डॉलरचा दायित्व विमा मिळतो, हे ते वाङ्निश्चय ठरल्याच्या सुरात सांगतात. मग २०२३ च्या सप्टेंबरपासून सरकारने रिमोट आयडी आणला. विमान कुठे आहे, किती उंचीवर आहे, हे त्याने उडता उडता स्वतःच रेडिओवरून जाहीर करायचं. मान्यताप्राप्त क्लबच्या मैदानाला यातून सूट, परक्याच्या शेताला नाही. म्हणजे जे विमान अर्ध्या तासात दुसऱ्या विमानावर आपटून फुटायचं आहे, त्याला आधी ओळखपत्र बांधा. विंग कमांडरांनी नियमाचा प्रत्येक शब्द वाचला, दोन ठिकाणी पेन्सिलीने खुणा केल्या आणि विमानापेक्षा महाग पडेल ते यंत्र विकत घेऊन विमानावर बांधलं. ते पहिल्या फेरीतच मक्यात गेलं.

मक्याबद्दल थोडं सांगायला हवं. ओहायोत ऑगस्टमध्ये मका माणसाच्या डोक्यावरून जातो. विमान आत पडताना सगळ्यांना दिसतं, आणि आत शिरलं की दोन पावलांवर काही दिसत नाही. एक जण बाहेर गाडीच्या टपावर उभा राहून "उजवीकडे, अजून उजवीकडे" ओरडतो. आतल्याची उजवी बाजू केव्हाच बदललेली असते. पानांच्या कडा कोपरांना बारीक चिरे पाडत जातात, घाम त्या चिऱ्यांवर बसतो. मग कुठूनतरी एरंडेलाचा वास येतो. या इंजिनांच्या मेथेनॉलच्या इंधनात एरंडेल घालतात. लहानपणी ज्या वासाने पळालो, त्याच वासामागे आपण चालत असतो. मिळालं तर ठीक. नाही तर ऑक्टोबरात शेतकऱ्याचा हार्वेस्टर फिरला की तो फोन करतो. विंग कमांडरांच्या गॅरेजात अशा वस्तूंची एक वेगळी पेटी आहे, वर पेनने लिहिलेलं : "मक्यातून".

त्या गॅरेजात बाकी काय आहे ते विचारू नका. विमानांची चौकट पन्हाळीच्या प्लास्टिक पाइपची. पंख निवडणुकीत अंगणाअंगणात रोवतात त्या पन्हळी प्लास्टिकच्या पाट्यांचे. हा पत्रा वाकतो पण मोडत नाही, म्हणून मारामारीला उत्तम. नोव्हेंबरात मंगळवारी मतदान झालं की बुधवारी सकाळी विंग कमांडर गाडी घेऊन निघतात आणि दार वाजवून रीतसर विचारतात, "पाटी झाली का वापरून?" दोन्ही पक्षांच्या घरी जातात. हरलेल्याच्या घरून पाट्या लवकर मिळतात, जिंकलेल्याच्या घरून आठवडाभराने. त्यामुळे आमच्या आकाशात वर्षभर रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट शेपट्या कापत फिरतात. एखाद्या शेरीफपदाच्या उमेदवाराचं अर्धं आडनाव आपल्यावर सूर मारून येताना पाहिलं की लोकशाहीची थोडी भीती वाटते.

भिंतीवर एक फळा आहे, त्यावर ११ ते ६० आकडे. पूर्वी ७२ मेगाहर्ट्झवर पन्नास वाहिन्या होत्या, आणि एकाच वाहिनीवर दोघांनी ट्रान्समीटर चालू केले तर एकाचं विमान दगडासारखं खाली. म्हणून ज्याच्याकडे त्या आकड्याचा कपडे वाळत घालायचा चिमटा, त्यानेच रेडिओ लावायचा. आता सगळे २.४ गिगाहर्ट्झवर आहेत, रेडिओ आपापली जागा शोधून घेतात, फळ्याची गरज संपली. चिमटे मात्र तसेच आहेत. काहींवर नावं लिहिलेली आहेत. त्यातली निम्मी माणसं आता नाहीत.

ती माणसं कोण, हे मला विंग कमांडरांनी सांगितलं नाही, वहिनींनी सांगितलं. पहिल्या वर्षांत या खेळाला मराठी माणूस विंग कमांडर एकटेच. बाकी सगळे इथले, कारखान्यातून निवृत्त झालेले, फोल्डिंग खुर्च्या आणि कुत्री घेऊन येणारे. नवीन आलेल्या, इंग्रजी अडखळणाऱ्या या माणसाला त्यांनी पहिल्याच शनिवारी एक हेल्मेट दिलं, कारण त्यांना एक जज कमी पडत होता. त्यातले काही गेले, काही मुलांकडे फ्लोरिडाला गेले, एकाला डोळ्यांनी दगा दिला. एका शेतावर गोदाम उभं राहिलं, दुसऱ्याच्या शेजारी कॉलनी झाली आणि आवाजाच्या तक्रारी सुरू झाल्या. तरुण पोरं येतात, पण ती गॉगल लावून ड्रोन उडवतात. वर बघतच नाहीत.

त्यामुळे विंग कमांडर फोन का करतात हे आता मला कळतं. फोन उचलताना मी अजूनही वैतागतो, ते वेगळं.

गेल्या वर्षी त्यांनी मोठी माघार घेतली. एरंडेलवाल्या इंजिनांसोबत बॅटरीवरच्या फोमच्या विमानांचाही एक गट ठेवला. त्यात नावं आली सात. आठवं नाव नव्हतं, शुक्रवारी रात्री साडेनऊला त्यांनी फोन हातात घेतला, तर वहिनी म्हणाल्या, "मी उडवते." वीस वर्षं या स्पर्धेचे बटाटेवडे तळणाऱ्या बाईने कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेटरवर कधी हात बसवला होता, हे घरात कुणाला माहीत नव्हतं. विंग कमांडर मक्यात असताना, असं त्यांनी नंतर सांगितलं.

मी वहिनींचा जज होतो. भोंगा वाजला, आठही विमानं वर गेली, आणि दुसऱ्या मिनिटाला वहिनींच्या विमानाने मागून येऊन विंग कमांडरांच्या पट्टीचा जवळपास सगळा कागद उतरवला. मी काडी मारली. विमान उतरताच विंग कमांडर नियमपुस्तिका आणि टेप घेऊन आले. पट्टी गाठीपाशी आपोआप तुटली, प्रोपेलर लागलाच नाही, हा कट धरता येणार नाही. वहिनी म्हणाल्या, "लेखी द्या." त्यांनी लेखी दिली. तक्रार कॉन्टेस्ट डायरेक्टरकडे द्यायची असते, म्हणून कागद डाव्या हातातून उजव्या हातात घेतला, खुर्चीवर बसून दोनदा वाचला, माझी साक्ष काढली, टेपने तुकडा मोजला आणि तक्रार फेटाळली.