सोवळ्यातला ब्राउझर

वेबसाइटच्या चाचण्या आपोआप चालवणारं सेलेनियम प्रत्येक चाचणीला कोरं करकरीत प्रोफाइल उघडतं: ना जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन, ना पासवर्ड सांभाळणारं. असा सोवळ्यातला ब्राउझर वापरणारा ग्राहक शोधून सापडायचा नाही. हिरव्या खुणा मात्र त्याच्याच नावावर. ‘पैसे भरा’ बटणाच्या चौकटीला कुणी ‘ॲड-बॅनर’ नाव दिलं, की ॲडब्लॉकर ती इमानेइतबारे गायब करतो आणि ग्राहकाच्या तक्रारीला उत्तर तयार असतं: आमच्याकडे तर चालतंय! एक्स्टेंशनने चाचण्या लहरी होतात, हे खरंच. ते परस्पर अपडेट होतं आणि काल पास झालेली आज नापास. मग आवृत्ती गोठवा, मोक्याच्या चार चाचण्या एक्स्टेंशनसह वेगळ्या चालवा. हेडलेस, म्हणजे खिडकी न उघडता चालणाऱ्या, क्रोममध्ये एक्स्टेंशन चालत नाही, ही सबब २०२३ मध्येच संपली. २०२५ मध्ये क्रोम १३७ ने कमांड लाइनवरून एक्स्टेंशन चढवायची सोय काढली, तेव्हा नवी मिळाली. क्रोमियममध्ये ती सोय शाबूत आहे, पण एवढं वाचतो कोण?