निवांतपणाची फास्ट लोकल

भायखळ्याची राणीची बाग बुधवारी बंद असते आणि रविवारी मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक असतो. म्हणजे प्राण्यांना आठवड्याची सुट्टी मिळते, रुळांनाही मिळते. राहता राहिला डोंबिवलीकर. त्याची सुट्टी नेमकी रुळांच्याच दिवशी, त्यामुळे वाघ बघायचा तो मेगाब्लॉकमधूनच. ‘या रविवारी अगदी निवांत जाऊ,’ असं ठरल्याबरोबर आमच्या हिने वेळापत्रक आखलं: आठ सत्तावीसची मिळाली तर अकराच्या आत वाघ उरकतो.

मेव्हणा ठाण्याला चढला. गळ्यात कॅमेरा, त्याला हातभर लेन्स. लेन्सला बसायला जागा मिळाली, मेव्हण्याला नाही. पण ठाणेकराचा ताठा उभ्यानेही कमी होत नाही. “भाऊजी, प्राणी बघायला आम्हाला भायखळा कशाला हवं? येऊरला बिबटे आहेत. खाडीत फ्लेमिंगो येतात. २०१५ साली अभयारण्य झालं, २०२२ मध्ये रामसर यादीत गेलं. तुमच्याकडे काय आहे?”

मी डब्यात सभोवार पाहिलं. “आमच्याकडे माणसं आहेत,” म्हणालो. माझ्या पायावर उभे असलेले काकाही हसले, पण पाय काही हलवला नाही.

बागेत पहिली रांग पेंग्विनची. २०१६ साली सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आले. मूळ वस्ती पेरू-चिलीच्या किनाऱ्यावर, म्हणजे बर्फाशी तसा संबंध नाही. तरी एसी चोवीस तास. एवढी ऐसपैस जागा आणि चौथ्या सीटचा वाद नाही, हे बघून कल्याणच्या एका गृहस्थांनी खोल उसासा सोडला. मेव्हणा शिकवू लागला, “लेन्स काचेला टेकवायची, म्हणजे प्रतिबिंब येत नाही.” तो टेकवतो न टेकवतो तोच मागून “चला, पुढे चला!” झालं. फोटोत उसासा सोडणारे गृहस्थ स्वच्छ आले आहेत. त्यांच्या पोटाच्या जागी पोहतोय तो पेंग्विन असावा.

पक्ष्यांकडे दुसरं तंत्र. जाळीच्या अगदी जवळ जायचं, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडायचं, की तारा विरघळतात. तारा खरंच विरघळल्या. पक्षी त्याआधीच उडाला होता.

वाघ झोपला होता. अकराच्या आत आलो होतो, पण वाघाला तसं कोणी कळवलं नव्हतं. पाणघोड्याच्या नाकपुड्या तेवढ्या पाण्याबाहेर होत्या. “उठेल हो आता,” म्हणत सगळे घड्याळ बघत होते. कुणाला अडीचची बदलापूर गाठायची होती, कुणाला टिटवाळा.

मेव्हण्याला मनासारखा फोटो मिळाला तो शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात. तिथे घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं ते याच्यावरून. १८६४ साली त्याला इंग्लंडला न्यायला उचलला, तर क्रेनने दगा दिला आणि हत्तीचे तुकडे झाले. ते १९१४ मध्ये सांधले. मेव्हण्याने समोरून, मागून, बसून, आडवं होऊन फोटो काढले. हत्तीने कान हलवला नाही.

“हाच काय तो खरा निवांत,” ही म्हणाली.

असणारच. त्याची बोट १८६४ सालीच चुकली आहे. आमची अडीचची अजून मिळण्यासारखी होती, म्हणून आम्ही धावत सुटलो.