पाठपोट

झेरॉक्सवाला मान वर न करता एकच प्रश्न विचारतो, "पाठपोट?" कागदाला पाठ आणि पोट असतं, ही कल्पना ज्या कुणाला सुचली त्याला माझा नमस्कार. आधार कार्डाच्या पोटावर माणसाचा फोटो आणि पाठीवर पत्ता. म्हणजे घर पाठीवर घेऊनच माणूस हिंडतो. ट्रक ड्रायव्हरच्या बाबतीत तर हे शब्दशः खरं.

हे सुचायचं कारण माझा पुतण्या. जळगाव रोडवर, हर्सूल कारागृहाच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर त्याच्या चार ट्रक उभ्या असतात. निदान उभ्या असतात तेव्हा तरी. गेल्या वर्षी एक ड्रायव्हर दहा हजारांची उचल घेऊन 'गावाकडं जाऊन येतो' म्हणाला, तो अजून येतोच आहे. तेव्हापासून पुतण्यानं फर्मान काढलं, कागदपत्रं पूर्ण झाल्याशिवाय कुणाच्या हाती स्टेअरिंग द्यायचं नाही. आणि घरात कागदाचा माणूस एकच. मी! कचेरीतल्या उभ्या हयातीत 'अर्जदाराची कागदपत्रे अपूर्ण' हा शेरा मी इतक्या वेळा लिहिला, की झोपेतही न चुकता लिहीन.

पूर्वी ही भरती चहाच्या टपरीवर व्हायची. "कुणाच्या हाताखाली शिकलास?" "अमक्या उस्तादाच्या." झालं. चहा संपायच्या आत नेमणूक. आता तसं चालत नाही. बिगरलायसन माणसाला गाडी देऊ नये, असं मोटार वाहन कायद्याचं पाचवं कलम मालकालाच बजावतं. लायसनची मुदत संपलेली असली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी भरपाईचे पैसे मालकाकडून वसूल करायला मोकळी. म्हणून मी दोन पानी फॉर्म केला. माझ्या मते सुबक.

पहिला उमेदवार आला तो पन्नाशी ओलांडलेला, पांढरा शर्ट, हातात साडीच्या दुकानाची पिशवी. पिशवीतून प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यातून दुसरी पिशवी, आणि सरतेशेवटी कागद. लायसनवर जन्मतारीख १ जून, आधारवर १ जानेवारी.

"मामा, खरी कोणती?"

"एक मास्तरनं लिहिली, एक मशिननं. आई म्हनायची, पोळ्याच्या आदल्या दिवशी."

मास्तरांचं मी समजू शकतो. शाळेत नाव घालायला वय बसावं म्हणून त्यांनी आमच्या पिढीतली गावंच्या गावं १ जूनला जन्माला घातली. पण फॉर्मवर पोळ्याला रकाना नव्हता.

पत्त्याचंही तेच. लायसनवर औरंगाबाद, आधारवर छत्रपती संभाजीनगर. पुतण्याची अट अशी, की दोन्हीकडचा पत्ता जुळला पाहिजे. आता १६१० साली मलिक अंबरनं खडकी वसवली, तिचं पुढं फतेहनगर झालं, मग औरंगाबाद, मग २०२३ साली आताचं नाव. गाव चारशे वर्षांत स्वतःशी जुळलं नाही, तिथं या माणसानं काय जुळवावं? मी बरोबरची खूण केली.

शिक्षण, सातवी. ट्रकच्या लायसनसाठी असलेली आठवी पासची अट केंद्रानं २०१९ मध्येच काढून टाकली, त्यामुळे तिथं अडलं नाही. अनुभवाच्या रकान्यात मी 'वर्षे' छापलं होतं. मामांनी घाट सांगितले. फर्दापूर, कसारा, खंबाटकी. "कन्नडचा बी धरा. आता तिथून जड गाड्या बंद केल्या कोर्टानं, पन आमी उतरवलेल्या हायेत."

पोलीस पडताळणीचा रकाना आला. त्यांनी खिडकीतून कारागृहाच्या भिंतीकडं बोट केलं. "तीस वर्सं झाले साहेब, या भिंतीला लागून गाडी नेयलो. एकदाबी आत वळलो नाही. अजून काय पडताळायचं?"

मी 'अर्ज करणे' असं लिहिलं. हसू आलं, पण लिहिलं.

मग नजर. लायसनसाठीच्या डॉक्टरी दाखल्यात एक प्रश्न असतो, की लख्ख उजेडात २५ मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता येते का. म्हटलं, आपणही बघावं. अंगणात पावलं मोजली आणि उभ्या ट्रककडं हात केला. मला स्वतःला तिथून प्लेट दिसत होती, आकडे नव्हते. मामांनी एम एच वीसपासून शेवटच्या आकड्यापर्यंत म्हणून दाखवलं. वर थांबले.

"आन् डाव्या अंगाला बसलीय गाडी. पाटा गेला असंल."

पुतण्या म्हणाला, काही नाही, जागा उतरती आहे. मामा चालत गेले, मागच्या चाकाजवळ उकिडवे बसले आणि खालून हात घातला. काळंकुट्ट बोट बाहेर आलं. मुख्य पाटा मधोमध तुटला होता. ही गाडी त्याच संध्याकाळी सिल्लोडहून मका भरून निघायची होती. माझा फॉर्म त्यांनी दुसऱ्या हातात, वंगण लागू नये असा उंच धरला होता.

हात पुसून ते परत खुर्चीवर बसले. मी म्हटलं, "चला, आता सही करा."

"करतो की. गाडीचे कागद?"

"कोणते?"

"समदे. रस्त्यात मला धरत्यात साहेब, शेठला नाही."

पुतण्यानं फाईल आणली. फिटनेस होतं, परमिट होतं, टॅक्स भरलेला. पीयूसीची मुदत तीन दिवसांपूर्वी संपली होती. मग मामांनी विम्याची पॉलिसी मागितली. सगळी इंग्रजीत. त्यांना ती भाषा येत नव्हती, पण बोट मात्र बरोबर खालच्या आकड्यांवर गेलं. "इथं डायव्हर-क्लीनरचं असतं. मानशी पन्नास रुपये." मी चष्मा चढवला. खरंच होतं तिथं. पन्नास.

"म्हंजे एकच मानूस धरलाय," मामा शांतपणे म्हणाले. "मी, का क्लीनर?"

पुतण्या फाईल चाळत राहिला. तिच्यात आणखी काही सापडण्यासारखं नव्हतं. चार गाड्यांचा मालक पन्नास रुपयांपुढं इतका गप्प बसलेला मी प्रथमच पाहत होतो.

बाजूला बसलेला क्लीनर अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा. आपल्या जिवाचा वार्षिक हप्ता पन्नास रुपये असतो आणि तोही भरायचा राहून गेलाय, हे त्याला आत्ताच कळत होतं. तो मोबाईल खिशात घालून नीट सावरून बसला.

"दिवसाचे तास किती?" मामांनी आता रीतसर मुलाखतच सुरू केली. मी घाईघाईनं सांगितलं, की १९६१ च्या कायद्यानं आठ तासांचा दिवस ठरवला, पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती. मामा खूप वेळ हसले. मग डोळे पुसत म्हणाले, "लिहा, लिहा. कागदावर असू द्या."

सही करताना त्यांनी आधी अक्षरं काढली, मग सगळ्यांवर एका दमात आडवी रेघ ओढली, जळगाव रोडसारखी सरळ. 'केव्हापासून येता?' या प्रश्नावर उठता उठता म्हणाले, "पाटा बदला, पीयूसी करा, पोराचे पन्नास भरा. मग फोन लावा. आपन कुठं पळून चाललो?"

पुतण्यानं सिल्लोडला फोन करून मका एक दिवस पुढं ढकलला. मी फॉर्म पुढं ओढला. शेवटचे दोन रकाने राहिले होते. 'रुजू होण्याचा दिनांक' कोरा ठेवला. त्याच्या खालच्या 'विलंबाचे कारण' या रकान्यात हात सवयीनं 'अर्ज' इथपर्यंत गेला, आणि थबकला. तेवढं खोडलं. मग पुढं सुवाच्य अक्षरांत लिहिलं,

'मालकाची कागदपत्रे अपूर्ण.'