कुठूनबाई

इतिहासाच्या एक तरी बाई अशा प्रत्येक हायस्कुलात असतातच. आमच्याकडच्या बाईंना मुलांनी ‘कुठूनबाई’ असं नाव ठेवलंय. ते इतकं चपखल बसलं की परवा शिपाईमामांनीही स्टाफरूममध्ये कप ठेवताना “कुठूनबाईंचा बिनसाखरेचा” असं जाहीर केलं. बाई रागावल्या नाहीत. उलट म्हणाल्या, “मामा, चहा कुठून आला सांगा बघू?” मामा म्हणाले, “कोपऱ्यावरच्या टपरीवरून.” बाईंना ‘चीन’ हवं होतं.

मी गणिताचा. नववी ‘ब’ला बाईंचा तास संपला की माझा सुरू होतो. म्हणजे वेळापत्रकात होतो. मी दाराशी खडू-डस्टर घेऊन उभा राहिलो की आतून आवाज येतो, “दोनच मिनिटं हं, सर!” पेपर ४० गुणांचा, पण बाईंची हौस ४०० गुणांची.

एकादशीला त्यांच्या शेजारी डबा उघडायची कोणाची छाती होत नाही. संस्कृतच्या बाईंनी एकदा साबुदाण्याची खिचडी काढली. झालं! “साबुदाण्याचा कंद दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणा तिकडचा. बटाटा तिकडचा. मिरचीसुद्धा तिकडचीच, पोर्तुगिजांनी आणलेली. तूप-मीठ तेवढं आपलं.” संस्कृतच्या बाईंचा घास हातातच राहिला. “मग मी खाऊ काय?” “खा हो खुशाल! पांडुरंग काही भूगोलाची तोंडी घेत नाही.”

हे सगळं वर्गात पोचतं आणि वर्गातून घरी जातं. पालकसभेत एक वडील हात जोडून म्हणाले, “बाई, तुम्ही शिकवता छान, पण पोरगं उपासाच्या दिवशी आजीसमोर ब्राझील-ब्राझील करतं. म्हातारीनं जेवण सोडलंय.” बाईंनी शांतपणे विचारलं, “आजी मूळच्या कुठल्या?” पुढची वीस मिनिटं ते वडील आपल्या घराण्याचं गाव, दुष्काळात सुटलेली जमीन आणि गिरणीत लागलेले आजोबा यांबद्दल बोलत राहिले. मागे पालकांची रांग लागली होती. तक्रार काय होती, हे त्यांनाही आठवलं नाही.

हजेरी मात्र बाई फक्त नावानं घेतात. आडनाव नाही. आडनाव ऐकलं की पोरं मनातल्या मनात एकमेकांची जात लावतात, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खोटं आहे असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण वर्गात ओंकार दोन. पोरांनी आपली सोय आधीच करून ठेवलेली, ‘गोरा ओंकार’ आणि ‘काळा ओंकार’. बाईंनी पहिल्याच दिवशी ती मोडली. जो खिडकीशी बसतो तो ‘ओंकार खिडकी’, दुसरा ‘ओंकार दार’. दिवाळीनंतर बाकं बदलली, ओंकार खिडकी दाराशी आला, तरी नाव खिडकीच राहिलं. तो कुरकुरला, तर बाई खूश! “बघितलंत? जागा सुटते, शिक्का सुटत नाही. आता सांगा, हा शिक्का मारला कोणी?” वर्ग बाईंकडे बघायला लागला. “हो, मीच मारला. म्हणून पुसायचं कामही माझंच.” त्या दिवसापासून दोघं ‘ओंकार’ आणि ‘दुसरा ओंकार’ झाले. कोण दुसरा यावरून रोज भांडण.

एकदा एका पोरानं सावळ्या मित्राला ‘हबशी’ म्हणून हाक मारली. मला वाटलं, आता कान उपटला जाणार. बाई म्हणाल्या, “अरे वा, थेट मलिक अंबरच्या पंगतीत बसवलंस की त्याला!” आणि मग इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला तो माणूस निजामशाहीचा कारभारी कसा झाला, त्यानं खडकी शहर कसं वसवलं, ज्याचं पुढं औरंगाबाद झालं, आणि १६२४ साली भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्याच बाजूनं कसे लढले, हे सगळं हातवाऱ्यांसह. पोरगं सुटलो म्हणून हसलं, तेवढ्यात बाई वळल्या. “पण तू काही हे मनात धरून बोलला नव्हतास. १८७३ साली जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ लिहिली आणि अमेरिकेत गुलामांच्या सुटकेसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली. त्यांना पुण्यात बसून तिकडचे गुलाम दिसले, तुला शेजारच्या बाकावरचा मित्र दिसेना?” वर्ग चिडीचूप. मीही दाराबाहेर घड्याळ बघायचं विसरलो.

एकदा तर आत शिरलो आणि मागे सरलो. अख्खा वर्ग शिवणाच्या टेपा घेऊन एकमेकांची डोकी मोजत होता. कोणीतरी म्हणालं होतं की काही जातीच मुळात हुशार असतात. त्यावर बाईंनी इरावती कर्व्यांना आणलं. १९२०च्या दशकाच्या शेवटी त्या बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली कवट्या मोजत होत्या. कवटीच्या दोन बाजूंतला फरक वंशावर ठरतो, असं प्राध्यापकमहाशयांचं मत. विद्यार्थिनीनं मोजमाप करून लिहिलं की तसं काही दिसत नाही. “परक्या देशात, गुरूच्या तोंडावर!” बाई टेप उंचावून म्हणाल्या. आमच्या वर्गाचा निकाल असा लागला की सगळ्यात मोठ्या डोक्याला माझ्या चाचणीत सगळ्यात कमी गुण होते.

आता एवढं सगळं कुठून-कुठून आलं म्हणणारी बाई स्वतः उदार असेल असं वाटतं ना? बाई मालवणच्या. माशाच्या आमटीत कोणी टोमॅटो घातल्याचं कळलं की यांचा चेहरा पडतो. “आमच्यात नाही घालत!” संपला विषय. हे पोरांच्या कानावर गेलंच. ओंकार की दुसरा ओंकार, पण एकानं उठून विचारलं, “बाई, तुमच्या आमटीतली मिरची कुठून आली?” वर्गानं बाकं बडवली. बाई क्षणभर गप्प. मग म्हणाल्या, “मिरची आली बोटीतून. किती घालायची, ते माझ्या आजीनं ठरवलं. दोन्ही लिहा वहीत.”

आता हा रोग माझ्या तासालाही लागलाय. शून्य कुठून, विचारलं, तेव्हा मी छाती फुगवून ब्रह्मगुप्ताचं नाव घेतलं. लगेच पुढचा हात वर, “आणि हे बीजगणित?” मग बगदादला गेलेले आपले अंक आले, अल-ख्वारिज्मी आला, त्याच्या ग्रंथावरून युरोपानं या विषयाला दिलेलं नाव आलं, आणि घंटा झाली. समीकरणं राहिली ती राहिलीच. पोर्शन मागे का, म्हणून मुख्याध्यापकांनी परवा बोलावून विचारलं. मी म्हटलं, “सर, माल बगदादहून यायचाय. वाटेत बाईंचा तास लागतो.”