दश्शीमीमांसा

कोणत्याही शास्त्राच्या आरंभी विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी या चार गोष्टी सांगून टाकाव्यात, अशी आपल्याकडची जुनी रीत आहे. तिला जागून सांगतो. विषय: ब्लॅकजॅकच्या टेबलावरून वाटून गेलेल्या पत्त्यांची मनातल्या मनात मोजदाद. प्रयोजन: द्रव्यलाभ, तोही शंभरामागे जेमतेम एक. संबंध: कॅसिनोशी, आणि तो सलोख्याचा फार दिवस टिकत नाही. अधिकारी: ज्याला वीसपर्यंतची बेरीज-वजाबाकी येते आणि ती करताना ज्याचे ओठ हलत नाहीत, असा कोणीही. पहिली पात्रता दुसरी-तिसरीच्या वर्गात मिळते. दुसरी पुष्कळांना शेवटपर्यंत मिळत नाही.

परंपरा थोडक्यात. १९५६ साली अमेरिकी लष्कराच्या अ‍ॅबर्डीन तळावरच्या बाल्डविन, कँटी, मायझेल आणि मॅकडर्मट या चौघांनी साध्या हिशेबयंत्रांवर आकडेमोड करून ब्लॅकजॅकचा प्रत्येक हात कसा खेळावा याचा निबंध छापला. तो तळ तोफा-दारूगोळ्याच्या चाचण्यांसाठी. या निबंधाने देशाच्या संरक्षणात काय भर पडली, ती चर्चा येथे अप्रस्तुत. पुढे एडवर्ड थॉर्प या गणितज्ञाने एमआयटीतला आयबीएम ७०४ हा संगणक याच कामाला जुंपला आणि १९६२ साली ‘बीट द डीलर’ हे पुस्तक काढले. सिद्धान्त असा, की वाटून गेलेला पत्ता पुन्हा पिसेपर्यंत परत येत नाही. म्हणून उरलेल्या कॅटला भूतकाळ असतो. थॉर्पने पुस्तकात मुख्यतः दहाच्या पत्त्यांवर डोळा ठेवायला शिकवले. मे महिन्याच्या सुट्टीत मेंढीकोट खेळताना ‘तीन दश्श्या गेल्या, चौथी कुणाकडे?’ याचा अदमास घेत बसलेल्या मराठी पोराला यात नवीन काही दिसणार नाही. फक्त इथे दश्शी, गुलाम, राणी आणि राजा या चौघांचीही किंमत दहाच, त्यामुळे एका कॅटमध्ये मेंढ्या सोळा.

येथे पूर्वपक्ष उभा राहतो. तो म्हणतो, गेलेला प्रत्येक पत्ता लक्षात ठेवायचा तर गणक मुलखावेगळ्या स्मरणशक्तीचाच हवा. उत्तर: मुळीच नाही. लक्षात ठेवायचा आकडा एकच. हार्वी डबनर यांनी १९६३ साली मांडलेली ‘हाय-लो’ ही रीत नवशिक्यांसाठी सर्वमान्य आहे. दुर्री ते छक्की यांतला कोणताही पत्ता दिसला की अधिक एक. दश्शी, गुलाम, राणी, राजा, एक्का दिसला की उणे एक. सत्ती, अठ्ठी आणि नव्वी यांना शून्य. बदाम सात खेळून लहानाचा मोठा झालेल्या माणसाला सत्तीची ही उपेक्षा जिव्हारी लागेल. पण गणितापुढे इलाज नाही. उलट पंजीचा मान मोठा. तिच्याइतका डीलरच्या कामी येणारा पत्ता दुसरा नाही, त्यामुळे ती निघून गेली की खेळणाऱ्याचे सर्वांत जास्त भले होते.

कारण असे. डीलरला मर्जी नसते. हातातले पत्ते मिळून सोळा किंवा त्याहून कमी भरत असतील तर त्याला आणखी पत्ता घ्यावाच लागतो. मोठे पत्ते उरले असतील तर तो एकवीसच्या पलीकडे जाऊन बुडतो. खेळणारा मात्र बारावरही गप्प बसू शकतो. शिवाय एक्का आणि दहाचा पत्ता पहिल्या दोनांतच आले (यालाच ‘ब्लॅकजॅक’ म्हणतात) तर खेळणाऱ्याला शंभराला दीडशे मिळतात. डीलरला आले तर तो आपले शंभरच नेतो. म्हणून बेरीज वर चढली की पैसे जास्त लावायचे, उतरली की किमान रक्कम टाकून सरबत मागवायचे.

सराव घरीच करावा. पूर्ण कॅट एकेक उलगडत मोजला तर शेवटी शून्यच यायला हवे आणि हे सारे अर्ध्या मिनिटात व्हायला हवे. जाणकार एकेक मोजत नाहीत. राजा आणि पंजी शेजारी दिसले की परस्पर काटून पुढे सरकतात. मराठी घरातल्या कॅटबाबत मात्र एक व्यावहारिक अडचण संभवते. त्यात एक पत्ता हरवलेला असतो आणि त्याच्या जागी जोकरवर बॉलपेनने ‘किलवर तिर्री’ लिहिलेले असते. असा जोकर अधिक एकच धरावा. मोजणी बरोबर असूनही शेवटी अधिक एक उरला, तर एखादा मोठा पत्ता सोफ्याखाली आहे असे समजावे. हरवलेली नव्वी असेल, तर हे शास्त्र तिचा पत्ता लावू शकत नाही.

कॅसिनोत सहा-सहा, आठ-आठ कॅट एकत्र पिसलेले असतात. तिथे बेरजेला उरलेल्या कॅटच्या संख्येने भागायचे: बेरीज सहा आणि कॅट तीन उरले असतील, तर खरा आकडा दोन. हा आकडा एकने वाढला की खेळणाऱ्याच्या पारड्यात साधारण अर्धा टक्का पडतो. पण हात बिनचूक खेळला तरी मुळातच अर्धा टक्का कॅसिनोचा असतो. म्हणजे एकवर हिशेब बरोबरीत सुटतो. दोनवर हजार रुपये लावले, तर दीर्घकाळाची सरासरी कमाई पाच रुपये. आणि शंभर हातांत दहा-अकरा पैजांएवढे वरखाली होणे तर रोजचेच. एवढ्या पगारावर इतका वेळ ताठ बसून बेरजा करणे याला जुगार म्हणणे अन्यायाचे आहे. ही कारकुनी आहे, आणि तीही पेन्शनशिवायची.

राहिला मुद्रेचा प्रश्न. अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवत मोजायची आपली सवय इथे घातक. वर कॅमेरा असतो, मागे देखरेखीला पिट बॉस असतो, आणि नामस्मरण चालले आहे यावर दोघांचाही विश्वास बसत नाही. नुसत्या डोक्याने मोजणे नेवाडात गुन्हा नाही, पण कॅसिनोवाले तुम्हाला खेळायला मनाई करू शकतात. यंत्राची मदत घेणे मात्र १९८५पासून तिथे गुन्हा आहे. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली केन उस्टन यांच्या खटल्यात गणकाला कॅसिनो हाकलू शकत नाही असे ठरवले. तेव्हा तिथल्या कॅसिनोंनी लवकर लवकर पत्ते पिसायला सुरुवात केली.

या शास्त्राचा सर्वांत मोठा लाभार्थी कोण, याचे उत्तरही इतिहासात आहे. थॉर्पच्या पुस्तकाने हादरून लास वेगासच्या कॅसिनोंनी १ एप्रिल १९६४ रोजी नियम कडक केले. गिऱ्हाईक आटले, आणि काही आठवड्यांतच नियम पूर्ववत झाले. मग असे ध्यानात आले, की पुस्तक वाचून येणाऱ्यांपैकी बहुतेकांना मोजता येतच नाही, आणि आत्मविश्वास मात्र पूर्वीपेक्षा वाढलेला असतो. ब्लॅकजॅकची भरभराट तेव्हापासूनची.

तेव्हा वेगासला असा की मांडवीतल्या जहाजावर, बसण्याआधी टेबलाचे हिरवे कापड वाचा. ब्लॅकजॅकला तीनास दोनऐवजी सहास पाच असा भाव लिहिला असेल, किंवा खेळलेले पत्ते दर हाताला पुन्हा पिसणाऱ्या यंत्रात जात असतील, तर मोजत बसू नका. उठून जेवायला जा.