गिअरपेटीचा जीर्णोद्धार

आमच्या त्र्यंबकेश्वरी जुने उतरवून नवे उभारण्यास कोणी उधळपट्टी म्हणत नाही, जीर्णोद्धार म्हणतात. नानासाहेब पेशव्यांनी पूर्वीच्या देवालयाच्या जागी आजचे कृष्णपाषाणाचे मंदिर बांधावयास घेतले ते 1755 साली, आणि काम सिद्धीस गेले 1786 मध्ये, म्हणजे खुद्द नानासाहेबांच्या निधनानंतर पंचवीस वर्षांनी. हा दाखला माझ्या प्रीमियर पद्मिनीच्या गिअरपेटीसंबंधाने मी मेकॅनिकपुढे ठेवला, तो त्याने, विशेषतः मुदतीच्या बाबतीत, फारच मनावर घेतला.

त्याची मांडणी निर्दोष होती. पेटी उतरवण्याचढवण्याची मजुरी, ती दुरुस्त करा वा बदला, एकच. परंतु उघडलेल्या पेटीत एक बेअरिंग झिजलेले आढळले, की शेजारच्या सिंक्रो कडीलाही वैराग्य येते, आणि अंदाजपत्रकाची यादी नारायण नागबळीच्या सामग्रीसारखी लांबत जाते. (तो विधी निदान तीन दिवसांत आटोपतो.) बदलावी म्हटले, तर कुर्ल्यास या गाड्या निघणे केव्हाच थांबले, उरल्या त्या मुंबईच्या टॅक्सींच्या पेट्या, आणि अखेरची पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर 2023 मध्ये सेवानिवृत्त झाली. अशी पेटी भंगारात स्वस्त मिळते खरी, मात्र तिने किती उतारूंचे ओझे वाहिले याचे दप्तर कोणापाशीच नसल्याने, बसवण्यापूर्वी तीही उघडणे प्राप्त होते.

तूर्त दोन्ही पेट्या गोणपाटावर उघड्या पडल्या असून, कोणती चकती कोणत्या पेटीची याविषयी मेकॅनिक आणि त्याचा पोऱ्या यांच्यात मतभेद आहेत. मी नाशिकला एस.टी.ने जातो.